हसनाबादच्या भिंतीवरची होडी

माझ्या दुकानात लोक आपापली गेलेली माणसं घेऊन यायचे. कुणी पिशवीत, कुणी काखेत, कुणी वर्तमानपत्रात गुंडाळून. एकाने तर आजोबांना ज्वारीच्या पोत्यात घालून आणलं होतं, वाटेत धक्का लागू नये म्हणून. काउंटरवर फ्रेम ठेवायची, तिच्यावरची धूळ तळहाताने पुसायची आणि दवाखान्यात विचारतात तशा हळू आवाजात विचारायचं, "होतील का हो हे नीट?"

जालन्यात आमचा फोटो स्टुडिओ होता. लग्नं, बारशी, पासपोर्टचे फोटो ही कामं नवऱ्याकडे. मी मागच्या खोलीत खिडकीजवळच्या टेबलाशी बसायचे. जुने फोटो दुरुस्त करायचे हे माझं काम. हे काम मला सासऱ्यांनी शिकवलं. माझी रांगोळी पाहून एक दिवस ते म्हणाले, "सूनबाई, हात बरा हाय तुमचा. दारापुढं वाया घालवू नका." आणि त्यांनी माझ्या हातात दोनच केस असावेत असा बारीक ब्रश दिला.

बाहेरच्या माणसाला वाटतं, फोटो म्हणजे कागद. कागद फक्त आधाराला असतो. चित्र असतं त्याच्यावरच्या पातळ थरात, दुधावरच्या सायीसारखं. ती साय फाटते, बुरसते, काचेला चिकटते. तिचे शत्रू तीन: ओल, वाळवी आणि नातेवाईक. यातले नातेवाईक सगळ्यात वाईट, कारण ते प्रेमाने ओलं फडकं फिरवतात. आम्ही त्या थरावरचे खड्डे रंगाचे बारीक ठिपके देऊन भरायचो. पुढे कम्प्युटर आला. मग आधी फोटोची नक्कल कम्प्युटरवर घ्यायची आणि दुरुस्ती तिच्यावर करायची, असं सुरू झालं. मूळ फोटोला धक्का लागत नाही, हा त्यातला मोठा फायदा.

दुरुस्तीच्या नावाखाली लोक काय काय करून घ्यायचे! तीर्थपुरीच्या एका गृहस्थांनी वडिलांना फेटा बांधून घेतला. वडील जन्मभर टोपीत वावरले होते, पण व्याही फेटेवाले निघाले. आष्टीच्या एक बाई आल्या, त्यांच्याकडे नवऱ्याचा एकच फोटो, आणि त्यात नेमके त्यांचे डोळे मिटलेले. "उघडून द्या," म्हणाल्या. मी त्यांच्या धाकट्या दिराचा फोटो मागवला आणि त्याचे डोळे उचलून इकडे बसवले. काम इतकं सुरेख झालं की मीच माझ्यावर खूश. बाईंनी फोटो हातात घेतला, पाहिला आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. "अवो ताई, हे तर भावजी बघून राह्यले माझ्याकडं! बंद करा, बंद करा डोळे. झोपेतलेच बरे हायेत ते." मी पुन्हा डोळे मिटले. त्या समाधानाने घेऊन गेल्या.

पण आज मला सांगायचं आहे ते जुबेदाफुप्पींच्या, म्हणजे जुबेदाआत्यांच्या, फोटोबद्दल. त्या आता नाहीत. मात्र ही गोष्ट लिहायची परवानगी त्यांनी स्वतःच देऊन ठेवली होती. "लिही की," म्हणाल्या होत्या, "पन माझं वय जास्ती नको लिहू." तेव्हा त्या ऐंशीच्या आसपास होत्या, एवढंच लिहिते.

उन्हाळ्याचे दिवस होते, दुपारची वेळ. काळा बुरखा वर सारलेली एक उंच, सडपातळ म्हातारी दुकानात आली. छातीशी चादरीत बांधलेलं काहीतरी चौकोनी.

"फोटू दुरुस्त करनारी बाई तूच का?"

"मीच. बसा ना."

"माझं राहू दे, आधी ह्याला बसव," असं म्हणून त्यांनी ते गाठोडं खुर्चीवर ठेवलं आणि गाठ सोडली.

आत लाकडी चौकटीतला जुना, तपकिरी पडलेला फोटो होता. पहिल्यांदा मला त्यात काहीच कळेना. बुरशीचे डाग, एका कोपऱ्यात वाळवीने खाल्लेलं, मधोमध ओल शिरून काचेला चिकटलेला. नीट पाहिल्यावर एक होडी दिसली. लांबट, दोन्ही टोकांना वर उचललेली, दोन डोलकाठ्या, शिडं अर्धवट गुंडाळलेली. मागे दगडी धक्का, म्हणजे कुठलंतरी बंदर. पाणी शांत. होडीत दाटीवाटीने माणसं बसलेली आणि त्यांच्या हातात वल्ही सरळ उभी धरलेली. सगळ्यांच्या अंगात गुबगुबीत बंड्यांसारखं काहीतरी. चेहऱ्यांच्या जागी मात्र नुसते डाग.

समुद्र इथून किती लांब आहे हे जालन्याच्या माणसाला सांगायला नको. मी विचारलं, "हे कुठलं?"

"आमच्या हसनाबादच्या घरातलं," त्या म्हणाल्या. "माझ्या दादाचा फोटू. वडलांचे वडील. अमीनमियाँ. ह्याचे दोन करून दे."

"दोन प्रती ना? होतील."

"प्रत न्हाई म्हनत मी. दोन कर. बिलकुल सारखे. चौकट सारखी, डाग सारखे. असली कोनता न् नकली कोनता, कुनाला कळाया नको. दोन भाचे हायेत मला. दोघाईला एक एक देते आन मंग सुखानं मरते."

मग चहा मागवला आणि त्यांनी सगळं सांगितलं. जुबेदाफुप्पींचं माहेर आणि सासर दोन्ही हसनाबादेतच, एकाच गल्लीत. त्यांचे दोन भाऊ वारले, त्या दोघांना एकेक मुलगा. थोरल्या भावाचा रऊफ, त्याचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज. धाकट्या भावाचा सलीम, तो आठवडी बाजारांत कापड विकायचा. दोघं एकाच अंगणात वाढले, एका ताटात जेवले. भाऊ गेल्यावर घराची वाटणी झाली. अंगणातून भिंत गेली. पलंग, हंडे, कपाटं, सगळं निमूट वाटलं गेलं. हा फोटो तेवढा राहिला. तो ज्या भिंतीवर होता ती खोली सलीमच्या वाट्याला आली, म्हणून तो म्हणे फोटो माझा. रऊफ म्हणे, परदादाचा, म्हणजे पणजोबाचा, फोटो थोरल्याच्या घरी पाहिजे. शब्दाला शब्द लागला. रऊफ रागाने म्हणाला, "तुझ्या बापाला तर परदादाची शकलबी धड म्हाईत नव्हती." मेलेल्या बापावर बोलणं गेलं तिथे दोघांचं बोलणं तुटलं. ईदला गळाभेट नाही, एकाच्या घरच्या लग्नात दुसरा नाही. काही सांगायचं झालंच तर फुप्पीला मध्ये घालून: "फुप्पी, त्याला सांग, पाण्याची मोटर बंद कर." आणि तो तिथेच, तीन हातांवर उभा असायचा.

"म्हनून मीच काढून आनला भिंतीवरचा," फुप्पी म्हणाल्या. "माझ्या पेटीत ठेवला. आता काय करत्येत दोघं?"

"ह्यातले दादा कोणते?" मी विचारलं.

"तेच तर भांडन हाय! रऊफ म्हनतो, डोलकाठीपाशी उभा हाय तो. सलीम म्हनतो, मागं सुकानू धरून बसला तो. ल्हानपनापासून दोघं ह्याच्यावरून मारामाऱ्या करत आल्ते."

"आणि तुम्हाला कोण वाटतं?"

"डाग पडलेत ना बाई सगळ्या तोंडावर," त्या म्हणाल्या आणि बशीत चहा ओतला.

फोटो ठेवून घेतला. काचेला चिकटलेला फोटो ही आमच्या धंद्यातली सगळ्यात अवघड केस. लोक ओढून काढतात आणि चेहरा काचेवर राहतो. नंतरच्या काळातले फोटो पाण्यात भिजवले की कधी कधी सुटतात, पण हा फार जुन्या पद्धतीचा, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला. पाणी लागलं असतं तर पुठ्ठा फुगून सगळंच गेलं असतं. मी मागची खिळे ठोकलेली पट्टी काढली, चौकट सोडवली, काच वरून पुसली आणि फोटो काचेसकटच राहू दिला. दोन्ही बाजूंनी दिवे लावून, चकाकी टाळून त्याचा मोठा फोटो घेतला आणि कम्प्युटरवर कामाला लागले.

फुप्पींना डागही सारखे हवे होते, पण खाली काय आहे ते पाहिल्याशिवाय मला राहवेना; डाग नंतर परत टाकता आले असते. एक एक डाग काढायचा म्हणजे तांदूळ निवडण्यासारखं आहे. घाई केली की वाटोळं. मी कडेपासून सुरुवात केली. आधी आभाळ, मग धक्का, मग पाणी. पाण्यावर होडीच्या उजव्या हाताला एक फिकट, खरवडल्यासारखी जागा होती, तीही आजूबाजूचं पाणी घेऊन भरून टाकली. मग होडी. होडीच्या कडेने दोरीच्या लोंबत्या माळा होत्या, त्या उघड्या झाल्या. शेवटी चेहरे.

पहिला चेहरा साफ झाला: दाट पांढरी दाढी, डोळे बारीक केलेले. दुसरा तोंडात चिलमीसारखं काहीतरी धरून. तिसरा कोवळा, कान मोठे, फोटो काढणाऱ्याकडे न पाहता भलतीकडेच बघणारा. डोलकाठीपाशी उभा होता तो लाल-पिवळ्या मिशांचा असावा. रंग दिसत नव्हता, पण अशा फिक्या मिशा काळ्या माणसाला नसतात. सुकाणू धरलेला म्हातारा तर सरळसरळ गोरा साहेब. मी पुन्हा पहिल्यापासून सगळे चेहरे मोठे करून पाहिले. होडीत आपल्याकडचं एकही माणूस नव्हतं.

त्या गुबगुबीत बंड्यांवरून मी इंटरनेटवर शोध घेतला. तशाच होड्यांची चित्रं निघाली. विलायतेत राणीच्या राज्यात किनाऱ्यावर अशा होड्या तयार ठेवलेल्या असत. वादळात एखादं जहाज खडकावर किंवा वाळूवर आदळलं की इकडून ही होडी शिडावर आणि वल्ह्यांवर निघायची, जहाजावरची माणसं उतरवून आणायला. लाइफबोट म्हणतात तिला. चालवणारे बहुतेक गावचेच कोळी. अंगात त्या बुचाच्या बंड्या, पाण्यात पडलं तर तरंगायला. दोरीच्या माळा पाण्यातल्या माणसाने धरायला.

मी खुर्चीत मागे टेकून बसले. ज्या चेहऱ्यासाठी दोन चुलत भाऊ बोलायचे थांबले, तो चेहरा ह्या फोटोत नव्हताच. आणि मी मोठ्या हौसेने डाग पुसून ते उघड केलं होतं.

दुसऱ्या दिवशी सलीम आला. चाळिशी उलटलेला, हसरा, बोलण्यात कापडवाल्याचा गोडवा. फुप्पी इथे येऊन गेल्याचं त्याला कळलं होतं. मी त्याला पडद्यावर फोटो दाखवला. तो बराच वेळ पाहत राहिला. मग सुकाणू धरलेल्या म्हाताऱ्यावर बोट ठेवून म्हणाला, "भाभी, हे तर गोरं हाय."

"सगळेच गोरे आहेत."

"असं करा, ह्याला थोडा सावळा करा. जास्ती न्हाई, उन्हात काम केल्यासारखा. दाढी हायेच. टोपी आपल्यासारखी करा. माझ्या एकट्याच्या कॉपीत. कुनाला काय कळनार?"

"बघते," म्हणून मी त्याला वाटेला लावला. त्याच दिवशी उतरत्या उन्हात रऊफ आला. थोराड, कमी बोलणारा, नखांत कायमचं काळं ऑइल. त्यानेही पाहिलं. त्याचा चेहरा पडला. दारापर्यंत गेला आणि परत फिरला. "मिशीवाला हाय ना उभा... त्याला काळी मिशी लावता येईल का?" एवढं बोलायला त्याला किती जड गेलं ते मला दिसत होतं.

खरं म्हणजे हे माझ्या डाव्या हातचं काम. मी टोपीवाल्यांना फेटे बांधले होते, दिराचे डोळे नवऱ्याला लावले होते. काम घेऊन बसलेही. म्हाताऱ्याचा चेहरा मोठा केला, रंग निवडला. आणि हात चालेना. फेटा बांधला तरी खाली तो माणूस तोच असायचा. इथे मी एका माणसाला पुसणार होते. ह्या म्हाताऱ्याने उघड्या समुद्रात ते सुकाणू धरलं असेल. कुणाचा तरी बाप असेल, आजा असेल. त्याच्या गावात कुणाच्या भिंतीवर त्याचा फोटो आहे की नाही, कोण जाणे. इथे, हसनाबादेत, इतकी वर्षं होता. तो मी माझ्या हाताने काढून टाकायचा?

मी फुप्पींना फोन लावला आणि सगळं खरं सांगितलं. मला वाटलं, म्हातारीला धक्का बसेल. पण त्या म्हणाल्या, "दोघाईला बलाव तुझ्या दुकानात. मीबी येते. पन त्यायला सांगू नको की दुसरा येनार हाय."

ठरल्या दिवशी रऊफ आपल्या मोटरसायकलवर आला, पाठोपाठ सलीम आपल्या. एकमेकांना पाहून दोघेही दारातच थबकले. परत फिरले असते, पण फुप्पी एसटीने आधीच येऊन आत बसल्या होत्या. "या. शटरला पकडून काहून उभे? आत या." दोघं आले आणि खोलीच्या दोन टोकांना उभे राहिले. मी पडद्यावर फोटो लावला. लांबून दिसेना, तेव्हा पुढे सरकावं लागलं. माझ्या खुर्चीच्या एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला एक.

मी एकेक चेहरा मोठा करत गेले. मग सलीम फुप्पीकडे बघून म्हणाला, "फुप्पी, त्याला सांग, त्याचा मिशीवाला पाह्य म्हना. असा परदादा असतो का?"

"फुप्पी, ह्याला इचार," रऊफ म्हणाला, "ह्याच्या म्हाताऱ्याच्या गळ्यात रुमाल काहून बांधलाय म्हनावं?"

शेवटचा चेहरा झाला. होडीत परदादा नाही, हे दोघांनीही एकमेकांपासून लपवलेलं आता दोघांसमोर उघडं होतं. रऊफने अंगठ्याने कपाळ चोळलं.

"मंग परदादा कुठंय?"

फुप्पी उठल्या. काठी टेकत पडद्याजवळ आल्या. चष्मा नाकावर खाली घेतला. "बाई, जरा पान्याकडं सरकव. होडीच्या बाजूला. अजून. बस."

पडद्यावर आता नुसतं पाणी होतं.

"मी ल्हान व्हते," त्या म्हणाल्या. "हा फोटू तवा काचेत नव्हता. दादाच्या पेटीत असायचा, कपड्याखाली. कधी मर्जी असली तर काढून दाखवायचा. मी इचारायची, दादा, ह्यात तू कोनता? तर तो बोट ठेवायचा पान्यावर. इथं. म्हनायचा, 'मैं यहाँ था, बेटा. हे लोक नावेत व्हते. मी हितं व्हतो.' मला वाटायचं म्हातारा मस्करी करून राह्यला. दर वेळी इचारायची, दर वेळी तिथंच बोट."

मी दुरुस्त न केलेली मूळ नक्कल उघडली. होडीच्या उजवीकडे पाण्यावर ती फिकट जागा होती, खरवडल्यासारखी दिसणारी. एवढीशी, बोटाच्या टोकाएवढी. सगळा फोटो डागांनी भरलेला असताना ही जागा वेगळी होती: डाग वरून पडतो, इथे वरचा थरच झिजून गेला होता. वर्षानुवर्षं बोट ठेवल्यावर झिजतो तसा.

सलीम पुढे वाकला. रऊफही वाकला. दोघांची डोकी माझ्या डोक्यावर एकमेकांना लागली, पण कुणी मागे झालं नाही.

मग फुप्पींनी दादाची गोष्ट सांगितली. त्यांच्याच शब्दांत लिहायचा प्रयत्न करते.

"दादा तवा पोरगाच व्हता. जालन्याच्या छावनीत एका साहेबाकडं नोकरी. साहेब आपल्या मुलुखाला, इलायतेला चालला तर बायकोपोरं संगं, न् पोरं सांभाळाया हा. जहाजात म्हैना काढला. किनारा दिसाया लागला आन तुफान आलं. जहाज वाळूत बसलं, वाकडं झालं. लाट आली तसा दादा खाली पान्यात. त्याला पवता येत न्हवतं, हसनाबादेत कुठं पवनार? तो म्हनायचा, मी कलमा म्हनला आन डोळे मिटले. मंग हाताला दोरी लागली. वर पाह्यलं तर लाकडाची भिंत, आन वरून हात आला. त्या हातानं धरलं ते सोडलंच न्हाई. बाहीसकट वर वढला. नावेत गोरे लोक, त्यायची बोली ह्याला येईना, ह्याची त्यायला येईना. एकानं आपलं घोंगडं ह्याच्या अंगावर टाकलं. साहेबाची पोरंबी वाचली. बंदरात त्या लोकायच्या घरी चार दिस ठिवून घेतलं, गरम गरम काहीतरी पाजलं. निघताना त्यातल्या एकानं हा फोटू दिला. दादाला इचारायचं व्हतं, भाऊ, तुझं नाव काय? पन बोली न्हवती. ते इचारायचं राहूनच गेलं. दुसऱ्या जहाजानं आला, हसनाबादला शेती केली, पुन्हा समिंदर पाह्यला न्हाई. मी म्हनायची, तुझा फोटू काहून न्हाई काढला? तर म्हनायचा, माझा कशाला? मी तर हायेच की हितं. आन मी हाय म्हनून तुझा बाप हाय न् तू हायेस."

मग भाच्यांकडे वळल्या. "दादा शब-ए-बारातच्या राती कबरस्तानात आपल्या गेलेल्यायसाठी दुआ मागून आला की हा फोटू काढायचा आन ह्यायच्यासाठीबी दुआ मागायचा. माझ्या बापानं काचेत लावून भिंतीवर टांगला न् मंग सगळे इसरले. मीबी इसरले. आपून ह्यातला आपला कोन ते शोधत बसलो."

"फुप्पी, पन हे लोक तर आपल्या धर्माचे..." रऊफ चाचरला. त्याला काय म्हणायचं होतं ते आम्हाला कळलं.

"दादा करायचा. मंग मीबी करनार. तुला करायची असंल तर कर, न्हाई तर बाहेर जाऊन बस."

त्यांनी डोक्यावरून ओढणी नीट घेतली आणि पडद्यासमोर दोन्ही हात उचलले. रऊफ बाहेर गेला नाही. त्याने खिशातून रुमाल काढून डोक्याला बांधला आणि हात उचलले. सलीमने आधीच उचलले होते. मी खुर्चीत मध्ये अडकलेली, उठायला जागा नाही. मी आपले हात जोडले. भर दुपारी, रस्त्यावर रिक्षांचे भोंगे वाजत असताना, माझ्या त्या अंधाऱ्या खोलीत फुप्पी पुटपुटत राहिल्या. शब्द मला पुरते कळले नाहीत. पडद्यावरचे ते दाढीवाले, मोठ्या कानाचा तो पोरगा, सगळे आमच्याकडे पाहत होते. इतकी वर्षं मी मेलेल्या माणसांच्या तोंडाकडे बघत पोट भरलं, पण त्या दिवशी त्यांच्यापुढे मला भरून आलं.

निघायच्या वेळी पंचाईत झाली. फुप्पी एसटीने आल्या होत्या. रऊफ म्हणाला, "फुप्पी, माझ्या गाडीवर बस." सलीम म्हणाला, "फुप्पी, त्याची गाडी लई उडती, माझ्यावर चल." दोघं दोन गाड्यांना किक मारायच्या तयारीत. फुप्पी मध्ये उभ्या. "मी कुनाच्याच गाडीवर येत न्हाई," त्या म्हणाल्या. "एसटीनं आल्ते, एसटीनं जानार. आन तुम्ही दोघं माझ्या दोन्ही बाजूनं बसनार." म्हातारीपुढे कोण बोलणार? दोघांनी गाड्या माझ्या दुकानासमोर लावल्या, किल्ल्या खिशात टाकल्या आणि तिच्या मागोमाग बसस्टँडकडे निघाले. मूळ फोटो फुप्पींनी चादरीत बांधून पुन्हा छातीशी घेतला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शटर वर करत होते तेव्हा दोघं गाड्या न्यायला आले. एकाच एसटीतून उतरले होते, पण चालत आले ते एक पुढे आणि एक मागे. सलीम आधी आत आला. म्हणाला, "भाभी, माझ्या कॉपीत काही बदलू नका. जसे हायेत तसे राहू द्या. आन ती पान्यावरची जागा भरू नका." रऊफ दारातूनच म्हणाला, "माझ्यातबी न्हाई." मी बरं म्हटलं. असली-नकलीचा प्रश्न आता उरला नव्हता. असली पेटीत राहणार, असं फुप्पींनी बसमध्येच जाहीर केलं होतं.

बाहेर रऊफची गाडी पहिल्या किकला सुरू झाली. सलीमची होईना. त्याने किक मारल्या, चोक ओढला, पुन्हा किक मारल्या. गाडी नुसती घुरघुरायची आणि बसायची. रऊफ आपल्या गाडीवर बसून पाहत होता. मला वाटलं, आता निघेल. त्याने गाडी बंद केली, स्टँडवर लावली, सलीमच्या गाडीपाशी गुडघ्यांवर बसला आणि डिकीतून पाना काढून प्लग खोलला. प्लग काळा ठिक्कर. त्याने तो शर्टाच्या टोकाने पुसला, उजेडात धरून पाहिला आणि वर न बघता म्हणाला,

"प्लग साफ करत जा रे कधी मधी. किती येळा सांगायचं तुला?"

मध्ये फुप्पी नव्हती. मीही नव्हते.

"तूच करून देत जा," सलीम म्हणाला. "गॅरेज तुझं हाय."

मी आत गेले आणि तीन चहा सांगितले.